कुबो माळ्यावर, पॅनेल लॅपटॉपवर

आयपीएफएस म्हणजे फाइल्स एकाच सर्व्हरवर न ठेवता अनेक कॉम्प्युटरनी आपसात वाटून घ्यायचं नेटवर्क. त्यातला आपला कॉम्प्युटर, म्हणजे नोड, चालवायचा तर कुबो हे त्याचं मूळ सॉफ्टवेअर. २०२२पर्यंत त्याला गो-आयपीएफएस म्हणत. त्याचा वेब यूआय (ब्राउझरमध्ये उघडणारं नियंत्रण पॅनेल) मात्र वेगळा प्रकल्प आहे आणि कुबोशी तो फक्त आरपीसी एपीआयमधून, म्हणजे इतर प्रोग्रामनी आदेश द्यायच्या दारातून, बोलतो. ब्राउझर बंद करा, नोड चालूच राहतो. वन-बीएचकेच्या माळ्यावर रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') ठेवून लॅपटॉपवरून कारभार बघायचा असेल, तर ही रचना आम्हाला उत्तम वाटते. फक्त ती कुठे दगा देते हे आधी माहीत हवं.

पॅनेलची पानं कुबोसोबत येत नाहीत, येतो तो त्यांचा सीआयडी, म्हणजे मजकुरावरूनच ठरणारा ओळख-पत्ता. पॅनेल पहिल्यांदा उघडलं की नोड ती पानं नेटवर्कवरच्या पिअर्सकडून, म्हणजे जोडलेल्या इतर नोड्सकडून, मागवतो. म्हणजे नोडला एकही पिअर मिळाला नसेल तर पॅनेलही उघडणार नाही, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं! अशा वेळी टर्मिनलवर 'आयपीएफएस स्वार्म पिअर्स' हा आदेश देऊन यादी बघावी. पानं एकदा आली की तो सीआयडी पिन करून टाका (म्हणजे 'हे जपून ठेव' अशी खूण), नाहीतर गार्बेज कलेक्शनमध्ये, म्हणजे नको तो डेटा साफ होताना, उडेल. कुबोच्या नव्या आवृत्तीत सीआयडी बदलला तर पिनही नव्याने.

खरी काळजी ५००१ या पोर्टची. एपीआय तिथेच ऐकतो आणि मुळात त्याला पासवर्ड नसतो. जो तिथवर पोचला तो फाइल काढू शकतो, कॉन्फिगही बदलू शकतो. म्हणून तो १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, बांधलेला असतो. लॅपटॉपवरून दिसावं म्हणून ०.०.०.० (सगळ्या नेटवर्कला खुलं) करणं म्हणजे दाराला कडीच न लावणं. त्यापेक्षा एसएसएच टनेल (सुरक्षित लॉगिनमधून जाणारा बोगदा) करा: लॅपटॉपचा ५००१ थेट पायच्या १२७.०.०.१:५००१ ला जोडायचा. दोन्हीकडे आकडा तोच ठेवा. लॅपटॉपवर ५००२ घेतला तर कुबोच्या लेखी ओरिजिन (पान ज्या पत्त्यावरून उघडलं तो) परकं ठरतं आणि ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो. वेगळा पोर्ट हवाच असेल तर कॉन्फिगमध्ये ते ओरिजिन परवानगीच्या यादीत घालून डेमन (मागे चालू असलेला कुबो) रीस्टार्ट करावा लागतो.

इथे एक फसवा प्रकार होतो. लॅपटॉपवर आयपीएफएस डेस्कटॉप (स्वतःचा नोड चालवणारं ॲप) चालू असेल तर ५००१ आधीच अडलेला असतो. एसएसएच तक्रारीची एक ओळ छापतं, पण लॉगिन करून देतं. ती ओळ नजरेतून सुटली की पॅनेल झकास उघडतं, फक्त ते लॅपटॉपच्या नोडचं असतं. स्टेटसच्या पानावरचा पिअर आयडी पायवरच्या आयडीशी जुळवा, मगच काही डिलीट करा.

पिअर्सशी बोलणं ४००१ वर, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. इमारतीत आलेलं केबलवाल्याचं ब्रॉडबँड सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) असेल तर राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. कुबो रिले (तिसऱ्या नोडमार्फत जोडणी) आणि होल पंचिंग (राउटरमधून थेट वाट काढणं) आपणहून वापरून बघतो, पण आयपीव्ही६ मिळत असेल तर ते चालू करणं जास्त खात्रीचं.

जागेच्या बाबतीत पॅनेल गैरसमज करून देतं. फाइल्समधून काही काढलं तरी डिस्क लगेच रिकामी होत नाही. १० जीबीची मूळ मर्यादाही नुसती कागदावर राहते, कारण गार्बेज कलेक्शन आपोआप होत नाही. डेमन सुरू करतानाच 'एनेबल जीसी' द्यावं लागतं. तरीही पिन केलेलं जात नाही, ते वेगळं काढायचं.

एसडी कार्डावर सतत लिहिणं टिकत नाही, एसएसडी लावा. लॅमिंग्टन रोडवर केसिंग घेताना पॉवर सप्लायही बघून घ्या: पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपियर लागतो. ३ अँपियरवर तो चालतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलीअँपियरच देतो. मग एसएसडी मध्येच गायब होते आणि पॅनेलवर दिसतं फक्त एवढंच, की नोडशी संपर्क नाही.