टाय रॉड एंड: बाहेरचा गेलाय की आतला?

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंग रॅकला (चाकं वळवणारा आडवा दांडा) पुढच्या चाकाशी जोडणारी दांडी. तिच्या दोन टोकांना सांधे असतात: बाहेरचा चाकाजवळ, आतला रॅकजवळ. सांधा झिजला की स्टिअरिंग ढिलं वाटतं, खड्ड्यात पुढून खटखट येते, टायरची एकच कड झिजते. दोन्ही सांध्यांची लक्षणं सारखीच, म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी तपासणी करा.

पुढचं चाक उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवा. घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी चाक धरून कुणाला तरी हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या सांध्यावर बोटं ठेवा. तिथे ठोका जाणवला तर बाहेरचा गेला. तिथे शांत, तरी चाक हलतंय? मग रॅकच्या टोकावरचा रबरी बेलो (घड्यांचं आवरण) दाबून आतल्या सांध्याचा बॉल चाचपा. ढिलेपणा १२ आणि ६ वर असेल तर मात्र बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघा.

बाहेरचा बदलणं घरीही जमतं. लॉक नट (सांधा दांडीवर घट्ट धरणारा) सैल करा, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडलेली पिन) आणि नट काढा, पुलरने (सांधा सोडवायचं हत्यार) टेपर, म्हणजे सांध्याचा निमुळता खुंट, सोडवा. जुना काढताना फेरे मोजा, नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवा. स्प्लिट पिन नवीनच घाला, यात काटकसर नको.

आतल्याला बाहेरचा काढावाच लागतो, शिवाय बेलो उतरवायचा आणि बहुतेक गाड्यांत नळीसारखा खास पाना हवा. तो नसेल तर काम मेकॅनिककडे द्या. पाइप पान्याने ओढाताण केली तर रॅकला इजा होते.

फेरे कितीही नीट मोजले तरी दोन्ही कामांनंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागतंच.