जिझेल: पहिला अंक जवळून, दुसरा जरा लांबून

पुण्यात रंगमंचावर उत्तम बॅले पाहायला मिळणं हा योगायोगाचाच भाग, त्यामुळे चित्रित प्रयोगांवर भिस्त ठेवावी लागते. लंडनच्या रॉयल बॅलेनं २०१६ साली चित्रित केलेला ‘जिझेल’ ब्लू-रेवर आहे. मारियानेला नुन्येझ जिझेल, वादिम मुंतागिरोव आल्ब्रेख्त, इत्झियार मेंदिझाबाल मिर्था आणि वाद्यवृंदापुढे बॅरी वर्ड्सवर्थ. निर्मिती पीटर राइट यांची, १९८५ पासून चालत आलेली. कथक किंवा भरतनाट्यमच्या परीक्षा दिलेल्या, नाटकं नेमानं पाहणाऱ्या, पण बॅलेच्या वाटेला न गेलेल्या माणसानं सुरुवात इथून करावी.

मूळ बॅले १८४१ चा, पॅरिस ऑपेराचा. संगीत अडोल्फ आदाँ यांचं, नृत्यरचना कोराली आणि पेरो यांची. आज दिसतं त्यातलं बरंचसं पुढे नृत्यरचनाकार पेतिपा यांनी रशियात घडवलेलं. गोष्ट चार ओळींची. खेडवळ पोरीच्या, जिझेलच्या, प्रेमात पडलेला तरुण वेष पालटून आलेला सरदार आल्ब्रेख्त निघतो, त्याचं लग्न आधीच ठरलेलं असतं. तिला वेड लागतं, ती मरते. लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं, म्हणजे विली (मिर्था त्यांची राणी), रात्री रानात सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. त्यांच्या तावडीत सापडलेल्या आल्ब्रेख्तला जिझेल पहाटेपर्यंत तगवते.

पहिल्या अंकात अभिनय भरपूर आहे आणि कॅमेरा तो थेट हातात आणून देतो. जिझेलची आई विलींची दंतकथा सांगते तो प्रवेश पुष्कळ निर्मितींत छाटलेला असतो; इथे तो आहे. चार खुणा आधी पाठ करा. डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की नाच. मुठी आवळून मनगटांची फुली खाली आणली की मृत्यू. अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न, दोन बोटं उंच धरली की शपथ. हस्तमुद्रांचे विनियोग घोकलेल्यांना हे पाच मिनिटांचं काम. मात्र इथे खूण एकदा होते आणि पुढे सरकते, संचारीसारखा, म्हणजे एकच ओळ अभिनयातून पुन्हापुन्हा फुलवण्यासारखा, विस्तार नाही. तो शोधत बसलात तर पुढची खूण हुकेल.

याच अंकात जिझेलचा एकल नाच आहे. डाव्या पायाच्या टोकावर उड्या घेत ती रंगमंच तिरका पार करते, उजवा पाय हवेत छोटी वर्तुळं काढत राहतो. नजर डाव्या गुडघ्यावर ठेवा. तो किंचित वाकलेला राहिला तरच उडी हलकी पडते. ताठ झाला की प्रत्येक उडीचा दणका वर खांद्यापर्यंत जातो आणि हात आखडतात. नुन्येझचा गळा आणि हात शेवटच्या उडीपर्यंत मोकळे आहेत. त्यामानाने गावकऱ्यांचा नाच, जो बुर्गम्युलर यांच्या संगीतावर नंतर घुसडलेला आहे आणि इथे सहा जणांत वाटलाय, लांबतो. चहा टाकायचा असेल तर तेव्हा टाका.

वेडाच्या प्रवेशात आधीच्याच पदन्यासांचे आणि सुरावटींचे तुकडे परत येतात, मोडलेले, अर्धवट. फुलाच्या पाकळ्या मोजण्याचा खेळही येतो, फक्त आता हातात फूल नसतं. अनेक निर्मितींत ती कमकुवत हृदयामुळे मरते. राइट यांच्याकडे ती आल्ब्रेख्तच्या तलवारीनं स्वतःला संपवते, म्हणून तिची कबर चर्चच्या आवारात नाही, रानात आहे. हा बदल दुसऱ्या अंकाला कारण देतो.

दुसरा अंक खरं तर लांबूनच पाहायचा. विलींच्या रांगा एक पाय मागे उचलून, दुसऱ्यावर लहान उड्या घेत दोन्ही बाजूंनी येतात आणि एकमेकींतून आरपार जातात. बालगंधर्वच्या बाल्कनीतून समूहनृत्य पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की ही भूमिती वरूनच कळते. कॅमेरा खालून आणि जवळून पाहू लागला की रांगा चपट्या होतात. कमरेपर्यंतची चौकट तर बॅलेत गुन्हाच. मिर्था टोकांवर भराभर पावलं टाकत सरकते तेव्हा झगा हलतही नाही. पण पाय चौकटीबाहेर असतील तर त्यात अवघड ते काय? मुंतागिरोवच्या उड्यांची मालिकाही पूर्ण आकृतीतच कळते. हवेत पोटऱ्या तीनदा एकमेकींना ओलांडतात. दोन्ही पाय धरून मोजणी सहा.

त्यात जॉन मॅकफार्लेन यांचं रान काळोखं, म्हणून टीव्हीची मांडणी आधी तपासा. ‘व्हिव्हिड’ बंद करून ‘सिनेमा’ लावा. मोशन स्मूदनिंग बंद करा, नाहीतर झग्यांच्या पांढऱ्या ट्यूलच्या (जाळीदार कापडाच्या) कडांना भुरकट वलय येतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही नको. पांढरा झगा जवळ आला की मागचं रान वर-खाली उजळत राहतं. खोलीत अंधार हवा, दुपारी पडदे ओढूनही भागत नाही. हेडफोन लावलेत तर बुटांची टकटक ऐकू येईल. तो दोष नव्हे, टोकं खळीनं घट्ट केलेली असतात. स्पीकर बरे, आवाज इतका ठेवा की युगुलनृत्यातला एकटा व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) स्वच्छ ऐकू यावा.

याच निर्मितीचं २००६ चं चित्रणही आहे, आलिना कोजोकारू आणि योहान कोबोर्ग यांचं. कोजोकारूची जिझेल जास्त कोवळी, पहिल्या दृश्यापासून धास्तावलेली. एकच घ्यायचं तर स्वच्छ चित्रासाठी आणि मुंतागिरोवसाठी २०१६ चं घ्या. अभिनय शिकवणाऱ्यांनी मात्र दोन्ही घेऊन वेडाचा प्रवेश शेजारी शेजारी लावावा.