वडिलांच्या आरएक्स १००ची कॅफे रेसर: एका गॅरेजच्या कामाविषयी

वडिलांनी १९९४ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० गेल्या वर्षी पुण्यातील एका लहान गॅरेजला कॅफे रेसर, म्हणजे खाली झुकलेले हँडल आणि एकट्यापुरती सीट असलेली जुन्या रेसिंग गाडीच्या घाटाची मोटारसायकल, करण्यासाठी दिली होती. पाच महिन्यांनी ती हातात आली आणि आता दोन हजार किलोमीटर चालवून झाल्यावर हे लिहीत आहे.

१९८५ ते १९९६ या काळात भारतात एस्कॉर्ट्स कंपनीच्या सहकार्याने तयार झालेल्या या गाडीचे टू-स्ट्रोक इंजिन ९८ सीसीचे आणि ताकद ११ अश्वशक्तीची. आज हे आकडे किरकोळ वाटतात. पण वजन शंभर किलोच्या आसपास असल्याने मूठ पिळताच ती जी झेप घेते, तिच्यासाठीच लोक अजून ती जपतात. रुंद टायर आणि जाडजूड टाकी लावून हीच झेप घालवली जाते, हे मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. या गॅरेजच्या मिस्त्रींनी मूळची अठरा इंची तारांची चाके ठेवली, टाकीचे पोचे काढून तीच रंगवली आणि एकट्यापुरती सीट मूळच्याच बोल्टांवर बसवली. सांगाड्याला कुठेही कटर लावला नाही. या एका निर्णयासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

इंजिनाच्या कामात मात्र एक चूक झाली आणि ती महागात पडली असती. आरएक्सच्या मुठीपासून निघणारी केबल पुढे दुभंगते. एक फाटा पेट्रोल आणि हवेचे मिश्रण देणाऱ्या कार्बोरेटरकडे जातो, दुसरा इंजिनात वंगणाचे ऑइल सोडणाऱ्या पंपाकडे. हँडल खाली आणल्यामुळे केबलचा मार्ग बदलला, कार्बोरेटर नीट जुळवला गेला, पण पंपाच्या चाकावरची खूण जुळवायची राहून गेली. परिणामी मूठ पूर्ण पिळली तरी ऑइल कमी पडत होते आणि कात्रजच्या चढावर पिस्टन चिकटून मागचे चाक जागीच अडकले. क्लच वेळीच दाबला गेला म्हणून पडलो नाही. गॅरेजने वाद न घालता चूक मान्य केली, सिलिंडर आतून कापून थोडा रुंद (बोअर) करून नवा पिस्टन बसवला आणि एक पैसाही घेतला नाही. या वेळी मिस्त्रींनी मला शेजारी बसवून पंपाची खूण दाखवली. चढावर गाडी पळवून आणल्यावर स्पार्क प्लग काढून त्याचे टोक उन्हात धरले आणि ते कॉफीच्या रंगाचे, म्हणजे इंजिनातले ज्वलन नीट होत असल्याचे, दिसल्यावरच गाडी ताब्यात दिली.

खाली झुकलेल्या हँडलमुळे शहरातल्या गर्दीत मनगटे दुखतात आणि पुढचा मूळ ड्रम ब्रेक आजच्या वाहतुकीला अपुरा वाटतो. ब्रेकबद्दल गॅरेजने आधीच स्पष्ट सांगायला हवे होते.

कागदपत्रांबाबत मात्र ते काटेकोर निघाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतील, म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच सांगितले आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण असतेच. म्हणून गाडीसोबत त्यांनी एक खोके दिले: त्यात मूळचे हँडल, लांब सीट, दोन्ही मडगार्ड आणि प्रत्येक नटबोल्टची वेगळी पुडी, वर मराठीत जागा लिहिलेली. पुढच्या पासिंगला एका दुपारीत गाडी पुन्हा वडिलांची होईल.