चावीसोबत घेतलेली सही

पुण्याजवळ रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हणून चौरस फुटाला 250 रुपये जास्त मोजले. (महाराष्ट्रात ग्रीन मानांकनानुसार बिल्डरला 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआयही, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा, मिळतो, ते वेगळंच.) सॅम्पल फ्लॅट भर मे महिन्यात गार होता, छतात एसी लपवलाय हे डोक्यात आलं नाही. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. त्यावर ‘प्री-सर्टिफिकेशन’ असं छापलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. ते मिळतं नुसत्या नकाशांवर. खरं मानांकन इमारत उभी राहिल्यावर, तपासणीनंतर.

नकाशात पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे होते, ते आलेच नाहीत. दुहेरी काचही ब्रोशरमध्येच राहिली. रात्री काचेसमोर लायटर पेटवून बघा: दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, आमच्याकडे दोनच, एकमेकांना चिकटलेली. ‘आरपार वाऱ्या’ची खिडकी उघडते डक्टमध्ये, जिथं सगळ्या मजल्यांच्या एसींचे आउटडोअर युनिट गरम हवा फेकतात. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातलासुद्धा बेडरूमच्या भिंतीला हात लावून ठेववत नाही. आई तिला तवा म्हणते.

तक्रार घेऊन गेलो, तर बिल्डरच्या माणसानं शांतपणे एक कागद पुढं सरकवला. ‘रहिवासी समाधान प्रश्नावली’. तापमान: समाधानी. खेळती हवा: अत्यंत समाधानी. खाली माझी सही, तारीख ताबा मिळाल्याच्या दिवसाची! चाव्या देताना वीसेक कागदांवर सह्या घेतल्या, पेढा हातावर ठेवला, त्यातच हा होता. त्या दिवशी घरात पंखेसुद्धा बसले नव्हते.

असला फॉर्म पुढं आला तर ‘एक उन्हाळा काढून भरतो’ म्हणा. अंतिम मानांकनाचं पत्र मागा. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवरचे मंजूर नकाशे उतरवून घ्या आणि छज्जे जागेवर जाऊन बघा. ब्रोशर तर अजिबात टाकू नका. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई रेरा कायद्याच्या कलम 12 खाली मागता येते. आमच्या विंगमधल्या निम्म्या लोकांनी ब्रोशर रद्दीत घातलं होतं. उरलेल्यांनी मिळून तक्रार केली आहे.

तोवर आईनं पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. चौथ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून नोटीस आली: एलिव्हेशन (इमारतीचं बाहेरचं रूप) बिघडतं, काढून टाका.