डीपी २१२ आणि डीपी २१४: डीबी४ जीटीच्या दोन वाटा

अ‍ॅस्टन मार्टिन या ब्रिटिश कंपनीची डीबी४ जीटी ही डीबी४ या लांब पल्ल्याच्या आरामदायी प्रवासाच्या गाडीची हलकी, अधिक वेगवान आवृत्ती. तिच्यातून घडलेल्या दोन शर्यती गाड्यांची तुलना केली की प्रयोग आणि नियम यांतला फरक स्पष्ट दिसतो. १९६२ ची डीपी २१२ ही एकच गाडी बनली. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ती चार लिटरपर्यंतच्या इंजिनांच्या प्रायोगिक गटात धावणार असल्याने अभियंत्यांना मोकळीक होती, म्हणून तिला चार लिटरचे इंजिन आणि मागे द दियाँ पद्धतीचा आस (यात चाके नळीने जोडलेली, पण जड गिअरपेटी सांगाड्याला बसवलेली असते) देण्यात आला. चालक ग्रॅहम हिल यांनी सुरुवातीलाच आघाडी घेतली. पण प्रचंड वेगात मागचा भाग उचलला जाऊन गाडी अस्थिर होत असे आणि अखेर इंजिनाने दगा दिल्याने ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. पुढे तिचे शेपूट बदलण्यात आले.

हाच धडा १९६३ च्या डीपी २१४ मध्ये उतरला. त्या दोन गाड्या जीटी गटात, म्हणजे विक्रीतल्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या गटात, बसवायच्या असल्याने मागे साधा अखंड आस आणि ३.७ लिटरचे इंजिन ठेवावे लागले. सांगाडा मात्र हलका, नव्याने घडवलेला होता. ल मां येथे त्यांनाही पिस्टनांनी दगा दिला. तरीही मला २१४ च अधिक मोलाची वाटते, कारण त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे चालक रॉय साल्वाडोरी यांनी तिच्यातून फेरारी २५० जीटीओला हरवले.