नाकाबंदीतलं फुंकायचं मशीन की हॉस्पिटलातली रक्त तपासणी?

दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल कायद्यातली लिमिट एकच, मोटार वाहन कायद्याचं कलम 185, 100 मिली रक्तात 30 मिग्रॅ पेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्यांदा 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. प्रश्न मोजायचं कसं हाच आहे.

मशीन जागेवर आकडा दाखवतं, थर्टी फर्स्टला रांगेतल्या एकेका गाडीला थांबवून नळीत फुंकायला लावायचं तर दुसरा पर्यायच नाही. फक्त नळी नवीन लावा म्हणून सांगायचं, लाजायचं नाही. माऊथवॉशने आकडा चढू शकतो, तसं असेल तर चूळ भरून पंधरा मिनिटांनी परत टेस्ट मागा.

रक्ताचा रिपोर्ट जास्त पक्का, पण वेळ गेला की अल्कोहोल उतरत जातं, म्हणून तर अटकेपासून 2 तासांत टेस्ट करायची असं कायद्यातच आहे. आणि नमुना किती हातांतून जातो बघा ना, 2024 च्या पुण्यातल्या पोर्शे केसमध्ये नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली, दोन तरुण जीव गेले होते हो त्यात, अजून राग येतो.

माझं मत, रस्त्यावर मशीनच, पण अपघात झाला की दोन्ही, आणि लगेच.