एकच चित्र दत्तक घ्यावं की फंडात पैसे द्यावेत?

पंचवटीतल्या आमच्या काकांना वडिलांच्या नावाने म्युझियमला देणगी द्यायचीये, वडील ड्रॉइंगचे मास्तर होते, आणि काका अडकलेत की एकाच जुन्या चित्राच्या रिस्टोरेशनचा खर्च उचलावा की संवर्धनाच्या जनरल फंडात द्यावेत.

समाधान बघाल तर पहिलाच पर्याय. कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये बुडवून नखाएवढ्या जागेवर हळूच फिरवतात, बोळा तपकिरी होतो आणि पिवळ्या वॉर्निशखालून खरा निळा रंग वर येतो, हे मी मुंबईत बघितलंय, अंगावर काटा येतो. पण रक्कम एकदम मोठी लागते, आणि वॉर्निश काढल्यावर खाली काय निघेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून खर्च वाढूही शकतो.

टिकाऊपणात मात्र फंड भारी, कारण साफ केलेलं चित्र परत दमट खोलीत टांगलं की बुरशी आलीच. फंडातून हवेतला ओलावा सांभाळणं, कीड तपासणं, असली न दिसणारी कामं होतात, आणि थोडेथोडे दिले तरी चालतात.

टॅक्सचं थोडक्यात, केंद्राच्या १९९६ च्या नॅशनल कल्चर फंडला (हा म्युझियमच्या फंडाहून वेगळा) दिलं तर इन्कम टॅक्समध्ये १०० टक्के सूट, म्हणजे दिलेली पूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा, तीही जुन्या टॅक्स रिजीममध्येच, आणि २,००० च्या वर कॅश देऊ नका.

वडिलांची आठवण म्हणून एकरकमी द्यायचे असतील तर चित्र दत्तक घ्या, पण आधी लेखी अंदाजपत्रक मागा. दरवर्षी थोडे जमणार असतील तर फंड. काकांना मी चित्रच सांगितलंय.